‘ती’ म्हणजे छत्री

पत्र: माझा मोठा भाऊ गेल्या वर्षी गेला. जन्मभर त्याने हिशेबाचं काम केलं. कविता करायचा हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. कपाटात एक वही सापडली, तिच्यात अकरा कविता. घरातल्यांपुरती त्यांची एक पुस्तिका काढायचं ठरलंय, आणि मराठीची पदवी माझ्याकडे असल्यामुळे रसग्रहण माझ्या गळ्यात पडलंय. दहा कवितांचं लिहून झालं, त्या झाडांवर नि मुलांवर आहेत. अकरावी अडलीय. ती हरवलेल्या प्रेमावर आहे हे उघड आहे, वर तारीख नाही, शीर्षक नाही. (‘हरवलेली ती’ हे शीर्षक मी दिलंय.) माझी दोन पानं सोबत जोडते. प्रतिमा आणि भावना मी नीट उलगडल्या आहेत का? आणि ती कोण होती हे कवितेवरून कळतं का? भाच्याला वाटतं की शोकाचे पाच टप्पे लावून पाहावेत. मला झोप नाही, कारण वहिनी आहेत, त्या हे वाचणार. कविता गाळू का? — एक धाकटी बहीण

पत्रासोबत आलेल्या वहीच्या फोटोतली कविता अशी:

छत्री अजून दाराशीच आहे.
तिची एक काडी तू वाकवलीस
त्या वाऱ्यात.
मी सरळ केली नाही.

पाऊस आला की दुसरी नेतो.
ही उभी असते कोपऱ्यात,
वाळत घातल्यासारखी —
इतकी वर्षं काय वाळतं?

आज कुणी विचारलं, कुणाची ही?
म्हटलं, मोडकी आहे.
आणि दार लावून घेतलं,
हळूच, तिला लागू नये असं.

ताई,

आधी तुमची दोन पानं वाचली, मग कविता. उलट करायला हवं होतं. पानं बाजूला ठेवून कविता पुन्हा तीन-चारदा वाचावी लागली, तेव्हा कुठे ती तुमच्या शब्दांतून सुटी झाली.

तुम्ही लिहिलंय: ‘कवीची प्रेयसी त्याला सोडून गेली आहे. छत्री हे आसऱ्याचे प्रतीक, वाकलेली काडी हे तुटलेल्या नात्याचे प्रतीक, पाऊस म्हणजे अश्रू. निसर्गही कवीबरोबर रडतो आहे. अखेर कवी मनाचे दार कायमचे मिटून घेतो.’ परीक्षेत याला गुण मिळतील. मलाही मिळायचे. ‘कवीचे मन व्याकूळ झाले आहे’ हे वाक्य मी शाळेत प्रत्येक कवितेखाली लिहायचो. एकदा आगगाडीवरच्या कवितेखाली लिहिलं, तेही खपलं. पण तुमच्या भावाच्या या बारा ओळींत सोडून जाणं नाही, अश्रू नाहीत, प्रेयसी नाही. ‘प्रेम’ हा शब्दसुद्धा नाही. हे सगळं तुम्ही बाहेरून आणलंय, आणि ते आणण्याच्या गडबडीत जे आत होतं ते बघायचं राहिलं.

पाऊस तर बिचारा कुणासाठीच रडत नाहीये. ‘पाऊस आला की दुसरी नेतो.’ इथला पाऊस म्हणजे नुसता पाऊस, अंगावर पडला की भिजवणारा. दुःखाच्या कवितेत पाऊस दिसला की आपण लगेच त्याला रडायला बसवतो. तुमच्या भावाने ते केलं नाही, आणि मला वाटतं जाणूनबुजून केलं नाही. हिशेबाच्या माणसाला नसलेली रक्कम मांडायला आवडत नसावी.

छत्रीकडे येऊ. तुम्ही ‘प्रतीक’ म्हणालात, मी ‘प्रतिमा’ म्हणेन, आणि हा शब्दांचा कीस नाही. प्रतीकाच्या जागी अर्थ ठेवला की काम भागतं: कबुतर काढा, शांतता ठेवा. प्रतिमेचं तसं होत नाही. ‘आसरा अजून दाराशीच आहे, त्याची एक काडी तू वाकवलीस’ असं म्हणून पाहा. कविता जागच्या जागी मरते. म्हणून छत्री कशाची खूण आहे हे नंतर. आधी ती नुसती बघायची. एक काडी वाकलेली छत्री दिसते कशी? ती उघडते. त्या एका बाजूला कापड लोंबतं, आणि त्या बाजूच्या खांद्यावर पाणी गळतं. ती फाटलेली नाही, दांडा मोडलेला नाही. काडी हाताने सरळ होते, फार तर दुरुस्त करून मिळते. म्हणजे ही छत्री मोडकी नाहीच. हे लक्षात ठेवा, शेवटच्या कडव्यात लागेल.

आता पहिल्या चार ओळी हळू वाचा. अख्ख्या कवितेत ‘तू’ एकदाच येतो, दुसऱ्या ओळीत. ‘मी’ही एकदाच, चौथ्या ओळीत. पुढे ‘नेतो’, ‘म्हटलं’, ‘लावून घेतलं’, कुठेच कर्ता नाही. मराठीत तो गाळता येतो, पण गाळलाच पाहिजे असं नसतं. आणि या एकुलत्या एक ‘तू’ आणि एकुलत्या एक ‘मी’च्या मधल्या ओळीत काय आहे? ‘त्या वाऱ्यात.’ कवितेतली सगळ्यांत आखूड ओळ. दोघांच्या मधे वारा. हे मुद्दाम जुळवलं की जुळून आलं, मला माहीत नाही. वाचणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

भावना इथेच सुरू होते. काडी वाऱ्याने वाकली की माणसाने? पहिल्या दमात बोलणारा म्हणतो, ‘तू वाकवलीस’. तक्रार आहे ती. श्वास घेतो आणि म्हणतो, ‘त्या वाऱ्यात’. तुझी काय चूक, वाराच तसा होता. तक्रार केली आणि एका ओळीत मागे घेतली. ‘त्या’ हा शब्दही बघा, ‘वाऱ्यात’ नाही, ‘त्या वाऱ्यात’: तो वारा दोघांना ठाऊक आहे, आपल्याला नाही. मग येतं, ‘मी सरळ केली नाही.’ ‘करता आली नाही’ असं नाही म्हणत, ‘करायची राहिली’ असंही नाही. येत होती, केली नाही. तुम्ही तुमच्या पानांत ‘असहाय’ हा शब्द वापरलाय. तो या ओळीमुळे खोडावा लागेल. हा माणूस असहाय नाही. त्याने एक गोष्ट जशीच्या तशी ठेवायचं ठरवलंय आणि रोज तो ते ठरवतो.

तुम्ही ‘विरह’ म्हणालात, पुढे एका ठिकाणी ‘करुण रस’ म्हणालात. दोन्ही एकदम चालणार नाहीत, किंवा चालवायचे असतील तर का ते सांगावं लागेल. भरताच्या नाट्यशास्त्रात या दोहोंतला फरक फार नेमका सांगितलाय: करुण निरपेक्ष, विप्रलंभ शृंगार (म्हणजे ताटातुटीतलं प्रेम) सापेक्ष. डोळ्यांतलं पाणी दोन्हीकडे तेच, झोप उडणं तेच, पण एकात परत भेटण्याची अपेक्षा संपलेली असते आणि दुसऱ्यात शिल्लक असते. पुढे मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाशात विप्रलंभाची पाच कारणं दिली: अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास, शाप. तुमच्या भावाची कविता यांतल्या कोणत्या खणात बसते? कोणत्याच नाही, कारण ताटातुटीचं कारणच तिच्यात दिलेलं नाही. कुणी गेलं का, गेलं तर कुठे, भांडून गेलं की देवाघरी गेलं, काही कळत नाही. कारण काढून टाकलंय आणि परिणाम तेवढा कोपऱ्यात उभा केलाय.

मग अपेक्षा आहे की नाही हे कशावरून ठरवायचं? ‘वाळत घातल्यासारखी’वरून. मला हे कवितेतलं सगळ्यांत श्रीमंत ठिकाण वाटतं, आणि तुमच्या पानांत त्यावर एकही शब्द नाही. माणूस एखादी वस्तू वाळत कधी घालतो? पुन्हा वापरायची असते तेव्हा. टाकायची असेल तर ओलीच टाकतो. म्हणजे ‘वाळत’ या शब्दात अपेक्षा दडलेली आहे: वाळली की घेऊ, वाळली की उघडू. इथपर्यंत कविता सापेक्ष आहे, विप्रलंभाची आहे. आणि पुढच्याच ओळीत बोलणारा स्वतःलाच हटकतो, ‘इतकी वर्षं काय वाळतं?’ ही ओळ मोठ्याने दोन प्रकारे म्हणून बघा. ‘वाळतं’वर जोर दिला तर ती चेष्टा आहे: इतकी वर्षं कुठे काही वाळतं का, पुरे आता. ‘काय’वर जोर दिला तर तो खरा प्रश्न आहे: या छत्रीत अजून ओलं आहे तरी काय? पहिल्या उच्चारात अपेक्षा संपते, दुसऱ्यात ती उघडी पडते. कागदावर जोर छापता येत नाही. तुम्ही रसग्रहणात दोन्ही द्या आणि निवाडा करू नका. निवाडा करायचा मोह होईल.

भाच्याला सांगा, पाच टप्पे राहू देत. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ते १९६९ साली मांडले ते असाध्य आजारात स्वतःच्या मरणाला सामोरं जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. नंतर लोक ते कुठल्याही दुःखाला लावू लागले. या कवितेत नकार, राग, स्वीकार एकामागून एक येत नाहीत. तक्रार आणि माफी एका वाक्यात आहेत, आशा आणि थट्टा एका ओळीत. जिना नाहीये हा.

आता तिसरं कडवं. कुणीतरी विचारतं, ‘कुणाची ही?’ उत्तर येतं, ‘मोडकी आहे.’ प्रश्न मालकीचा, उत्तर अवस्थेचं. आणि आपल्याला आधीच ठाऊक आहे की उत्तर खोटं आहे. एक काडी वाकलीय, मोडलेलं काही नाही. जुन्या शास्त्रात या वागण्याला नाव आहे. भरताने ३३ व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन जाणारे भाव, मोजले, त्यांत एक आहे अवहित्थ. मनातलं चेहऱ्यावर येऊ नये म्हणून हावभाव झाकणं, विषय बदलणं, भलतंच काही बोलणं. एरवी या यादीचं मला फारसं कौतुक नाही, पाठ करायला लावली की तिचा जीव जातो. पण दोन माणसांमधल्या अशा क्षणाला कुणीतरी इतक्या जुन्या काळी वेगळं नाव देऊन ठेवलंय हे मला दरवेळी थक्क करतं. तुमच्या पानांत ‘कवीने आपली तीव्र वेदना व्यक्त केली आहे’ असं आहे. नाही हो ताई, झाकली आहे. भावना या कवितेत व्यक्त होण्यातून कळत नाही, लपवण्यातून कळते. मम्मटाने तर रस किंवा स्थायिभाव (रसाच्या मुळाशी असलेली टिकाऊ भावना) त्याच्याच नावाने सांगणं हा दोष मानलाय. रसग्रहण लिहिणाऱ्याला ‘वेदना’ हा शब्द वापरायची मुभा आहे, पण त्याने तो कुठल्या ओळीतून काढला हे शेजारीच दाखवावं. तुमच्या दोन पानांत ‘वेदना’ नऊ वेळा आलीय. मी मोजली.

आणि शेवटची ओळ. शिक्षक म्हणतील, छत्रीला माणूस केलं, चेतनगुणोक्ती अलंकार. बरोबर आहे, पण अकरा ओळी छत्रीला वस्तू ठेवून बाराव्या ओळीत एकाच क्रियापदाने हे केलंय, आणि ते क्रियापद ‘लागणे’ आहे. मराठीत दार लागतं, ठेच लागते, बोलणं लागतं. सरळ अर्थ पुरता उभा आहे: छत्री दाराजवळ आहे, दार जोरात ओढलं तर तिला धक्का बसेल. पण आत्ताच, तिच्यासमोर, तो तिला ‘मोडकी’ म्हणालाय. ते तिला लागलं असेल. म्हणून दार हळूच. माफी मागण्याची ही पद्धत मी कवितेत याआधी पाहिली नव्हती. तुम्ही म्हणता तसं मनाचं दार कायमचं मिटणं यात मला दिसत नाही. विचारणारा बाहेर राहिला, छत्री आणि तो आत राहिले.

(‘ळ’बद्दलही एक सांगतो, कारण तुमच्यातला मराठीचा विद्यार्थी ते शोधून काढणारच: सरळ, वाळत, वाळतं, हळूच. हवं तर नोंदवा. फक्त ‘ळ या वर्णाच्या मार्दवातून कवीचे हळवेपण पाझरते’ असं लिहू नका, हात जोडतो.)

आता तुमचा खरा प्रश्न. ती कोण?

तुम्ही लिहिलंय की ‘वाकवलीस’ आहे म्हणजे बाई नक्की, आणि शेवटी ‘तिला’ आहे म्हणजे शंकाच नको. ताई, तुमच्या पदवीची शपथ घालून सांगतो, पुन्हा बघा. ‘वाकवलीस’मधलं स्त्रीलिंग काडीचं आहे. ‘तू वही फाडलीस’ हे आपण मुलाला म्हणतो तसंच मुलीलाही म्हणतो. क्रियापद तिथे वहीच्या मागे चालतं. आणि ‘तिची’, ‘ही’, ‘तिला’ ही सगळी सर्वनामं छत्रीची आहेत, कारण छत्री स्त्रीलिंगी. तुम्ही ज्या ‘ती’ला रात्र रात्र शोधताय, ती पहिल्या ओळीपासून दाराशी उभी आहे. कवितेतला ‘तू’ बाई आहे की पुरुष, हे कवितेत कुठेही नाही. मराठीत एवढं टाळायला कष्ट पडतात. ‘गेलीस’ किंवा ‘गेलास’ एकदा लिहिलं की झालं. ते त्याने लिहिलेलं नाही. यातूनही मी काही काढत नाही, आणि तुम्हीही काढू नका. तो ‘तू’ मित्र असेल, तुम्हा भावंडांपैकी कुणी असेल, कुणीही नसेल. बारा ओळींतला ‘मी’ म्हणजे तुमचा भाऊ, हेसुद्धा आपण धरून चाललोय. कविता हे कबुलीजबाबाचं कागदपत्र नसतं.

एक शक्यता मात्र तुमच्या पत्रात कुठेच नव्हती, आणि तिचंच मला आश्चर्य वाटलं. तारीख नाही म्हणता. मग तो ‘तू’ वहिनी का नसाव्यात? हरवलेलं प्रेम म्हटलं की आपण लगेच तिसरं माणूस शोधतो. एकाच घरात राहणाऱ्या दोघांचंही कुठल्यातरी वाऱ्यात काहीतरी वाकतं, आणि कुणीच सरळ करत नाही. असंच आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही वहिनींपासून जी कविता लपवायला निघाला आहात, ती त्यांना आपल्यापेक्षा चांगली वाचता येत असण्याची शक्यता बरीच आहे. निदान घरात अशी छत्री होती की नाही, हे तरी त्यांना ठाऊक असेल.

म्हणून गाळू नका आणि परस्पर छापूही नका. पुस्तिका छापायला जाण्याआधी वहीचं ते पान वहिनींच्या हातात द्या. वही द्या, टाइप केलेला कागद नाही. अक्षर त्यांच्या ओळखीचं आहे. तुमची दोन पानं सोबत देऊ नका, माझं हे पत्रही नको. त्या काय म्हणतील त्याची घाई करू नका. छापू नका म्हणाल्या तर दहा कवितांची पुस्तिका काढा. छापा म्हणाल्या, आणि त्या ‘तू’बद्दल तुम्हाला काही सांगितलं, तर ते रसग्रहणात घालू नका. ते तुमचं नि त्यांचं. काहीच न सांगता ‘मोडकी होती’ एवढंच म्हणाल्या, तर गप्प बसा.

रसग्रहण दोन पानांचं एक करा. वरचं शीर्षक काढून टाका. त्याने ठेवलं नव्हतं, आणि ‘हरवलेली ती’ हे तर व्याकरणातही चुकतं, छत्री हरवलेली नाही. बाकी बारा ओळींत काही सरळ करायला जाऊ नका. फक्त तुमच्या टाइप केलेल्या प्रतीत शेवटच्या ओळीत ‘लागु’ असा ऱ्हस्व उकार पडलाय, वहीच्या फोटोत तो दीर्घ आहे. तेवढी दुरुस्ती करा.